गाडीत सिग्नल बूस्टर बसवण्याआधी: पुण्याहून घाटात गाडी नेणाऱ्यांसाठी

चांदणी चौक सोडला की भूगाव, पिरंगुट, पौडपर्यंत फोन व्यवस्थित चालतो. मुळशी धरणाच्या कडेने रस्ता वळू लागला की कांड्या एकेक करून कमी होतात आणि ताम्हिणीत कितीतरी वळणांवर रेंज पूर्ण जाते. भोरहून नीरा देवघरच्या काठाने वरंध घाटाकडे जाताना, वेल्ह्याहून केळदच्या बाजूला उतरताना तीच गत. मग गाडीत कोणीतरी म्हणतं, "अहो, बूस्टर मिळतो की! बसवून टाका." गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स बसवण्याचं काम मी करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो. काही जण तर अमेरिकेहून आलेल्या मुलाने किंवा भाच्याने बॅगेतून आणलेलं खोकंच घेऊन येतात.

तो बूस्टर मी बसवून देत नाही. का, ते आधी सांगतो. त्याच्या जागी काय बसवता येतं आणि ते सुरक्षितपणे कसं बसवायचं, ते त्यानंतर सविस्तर.

कायदा काय म्हणतो

मोबाईलचा सिग्नल वाढवणारा बूस्टर किंवा रिपीटर भारतात खाजगी व्यक्तीला बाळगता येत नाही, विकता येत नाही आणि वापरताही येत नाही. तो अधिकार परवानाधारक दूरसंचार कंपन्यांनाच आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये लोकांसाठी काढलेल्या सूचनेत हे लेखी स्पष्ट केलं. त्याआधी, २१ जानेवारी २०२२ रोजी, ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना सिग्नल अडवणारे जॅमर विकू नका असं बजावलं होतं. बिनतारी उपकरणं विनापरवाना बाळगण्यावर १९३३ च्या कायद्यापासून बंदी होतीच. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीशिवाय रेडिओ उपकरण बाळगल्यास दंड आहे.

"पण ऑनलाइन तर दिसतोय", "दुकानदार बिल देतोय" हे मी बरेचदा ऐकतो. बिल असल्याने उपकरण कायदेशीर होत नाही. विकणारा तर चुकतोच, पण उपकरण सापडतं ते तुमच्या गाडीत आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. अशा उपकरणांचा माग काढायला सरकारची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे. हस्तक्षेप कुठून येतोय त्याची दिशा शोधणाऱ्या गाड्या त्यांच्याकडे असतात.

बंदीमागचं कारण

बूस्टरचे तीन भाग असतात. टपावर बाहेरचा अँटेना, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर आणि सीटजवळ आतला अँटेना. टॉवरकडून आलेला सिग्नल मोठा होऊन आत येतो, तुमच्या फोनचा सिग्नल मोठा होऊन बाहेर जातो. ऐकायला सोपं वाटतं, पण गाडीसारख्या लहान जागेत अडचण येते. बाहेरच्या आणि आतल्या अँटेनात जेमतेम एक-दीड मीटरचं अंतर आणि मध्ये पातळ पत्रा. पत्र्याच्या चारही बाजूंना काचा, म्हणजे रेडिओ लहरींना येण्याजाण्याची मोकळी वाट. आतल्या अँटेनातून निघालेला सिग्नल काचेतून बाहेर पडतो, टपावरचा अँटेना तो पुन्हा पकडतो, तो पुन्हा मोठा होतो आणि पुन्हा आत येतो. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर धरला की जी कर्कश शिट्टी वाजते, तेच इथे रेडिओ लहरींचं होतं. ही शिट्टी कानाला ऐकू येत नाही, टॉवरला मात्र ऐकू येते.

दूरवरच्या फोनचा अतिशय क्षीण आवाज टिपण्यासाठी टॉवरचा रिसीव्हर बनवलेला असतो. टॉवर ज्या लहरींवर ऐकतो त्या पट्ट्यात (फ्रिक्वेन्सी बँडमध्ये) एखादा बूस्टर असा ओरडायला लागला की टॉवरसाठी सगळीकडे गोंगाट वाढतो आणि कडेचे फोन ऐकू येईनासे होतात. घाटात हे जास्त घातक आहे. तिथे एकेका टॉवरवर कितीतरी वाड्यावस्त्या अवलंबून असतात. आपल्या गाडीतला नकाशा नीट चालावा म्हणून डोंगरावरच्या घरातून अँब्युलन्ससाठी केलेला फोन अडकणं, ही शक्यता मला मान्य नाही. माझ्या दृष्टीने नकाराचं खरं कारण हे आहे. कायद्याचं कारण त्यानंतर येतं.

फोन असा गोंगाट का करत नाही? फोनने किती जोरात बोलायचं हे टॉवर ठरवतो. फोर-जी फोनची कमाल शक्ती साधारण २०० मिलिवॅट असते, पण टॉवर जवळ असला की तो फोनला ती कितीतरी कमी करायला लावतो. बूस्टरचा असा संवाद टॉवरशी नसतो. साधा, स्वस्त बूस्टर पट्ट्यात जे काही येईल ते मोठं करून फेकतो, गोंगाटासकट.

अमेरिकेहून आणलेल्या उपकरणाचं आणखी एक दुखणं आहे. तिकडचे पट्टे वेगळे. आपल्याकडच्या १८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात फोन १७१० ते १७८५ वर बोलतो आणि टॉवर १८०५ ते १८८० वर उत्तर देतो. अमेरिकेच्या १९०० च्या पट्ट्यात फोन १८५० ते १९१० वर बोलतो. म्हणजे जिथे आपला टॉवर बोलतो त्यातल्या १८५० ते १८८० या तुकड्याला तो अमेरिकन बूस्टर "गाडीतल्या फोनचा आवाज" समजतो आणि वाढवून बाहेर सोडतो. आजूबाजूच्या गाड्यांमधल्या फोनना टॉवर ऐकू येण्यात त्याने अडथळा येतो. आणि आपण ज्या २३०० वर बऱ्याच ठिकाणी डेटा वापरतो, तो पट्टा या खोक्यात बहुधा नसतोच.

असं खोकं घरात आधीच असेल तर चालू करून पाहू नका आणि जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर विकायलाही टाकू नका, कारण विक्रीही बेकायदा आहे. अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात देऊन टाका.

अमेरिकेत गाडीतला बूस्टर कायदेशीर आहे, हे खरं. तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी थोडक्यात: १ मार्च २०१४ पासून तिथे फक्त एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकाच्या नव्या निकषांत बसणारे बूस्टरच विकता येतात. हे बूस्टर शिट्टी सुरू होताच स्वतः शक्ती कमी करतात किंवा बंद पडतात. वापरण्याआधी आपल्या मोबाईल कंपनीकडे त्याची नोंदणी करावी लागते. बाहेरचा अँटेना माणसांपासून किमान २० सेंटीमीटर लांब ठेवावा. बूस्टरमधून ९११ या तिथल्या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन केल्यास तुमचं ठिकाण चुकीचं कळू शकतं किंवा कळतच नाही, ही सूचना खोक्यावरच छापलेली असते. म्हणून फोन लागला की आधी तोंडी पत्ता सांगा. ब्रिटनमध्येही ठरावीक निकषांत बसणारे कमी शक्तीचे गाडीतले रिपीटर २०१८ पासून विनापरवाना चालतात. तिकडची परवानगी इकडे लागू होत नाही.

आता पुण्यात काय करायचं.

पायरी १: आधी मोजा

कांड्यांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीच्या फोनवर त्या वेगळ्या हिशोबाने दिसतात. आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या "फोनबद्दल" या भागात सिमची स्थिती उघडली की सिग्नलची ताकद डीबीएममध्ये (डेसिबलवर आधारलेलं मोजमाप) दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की चाचणीचा पडदा उघडतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीमध्ये उणे ८० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे कामापुरतं, उणे ११५ च्या पुढे गेलं की बोलणं तुटायला लागतं. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट किंवा निम्मी होते, दर १० ला दहापट. त्यामुळे उणे ११५ चं उणे १०५ झालं तर तो फरक मोठा असतो.

नेहमीच्या रस्त्यावर दोन-तीन अडचणीच्या जागी गाडी बाजूला लावा. एकदा गाडीत बसून आणि एकदा बाहेर उभं राहून आकडा लिहून घ्या. बाहेर आकडा बराच सुधारत असेल तर तुमची अडचण गाडीचा पत्रा आणि काच आहे, आणि ती सोडवता येते. बाहेरही "नेटवर्क नाही" असंच दिसत असेल तर टॉवर आणि तुमच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. तिथे बूस्टर, राउटर, अँटेना यांपैकी कशाचाच उपयोग नाही. पैसे खर्च करायचे की नाहीत, हे या एका मोजणीत कळतं. ती टाळून खरेदीला जाऊ नका.

पायरी २: फुकटचे उपाय

फोन कपहोल्डरमध्ये, दाराच्या खिशात किंवा गिअरजवळच्या खोबणीत पडलेला असेल तर त्याच्या चारही बाजूंना लोखंड आहे. तो काचेच्या उंचीवर होल्डरमध्ये लावा. काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता रोखणारा धातूचा पातळ थर असतो, त्यातून सिग्नल कमी येतो. अशा काचेत आरशाच्या मागे थर नसलेला छोटा चौकोन ठेवलेला असतो.

घाटात फाइव्ह-जीचा हट्ट सोडा. त्याचा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा डोंगराला वळसा घालून पोचत नाही. ७०० ते ९०० चे पट्टे त्या मानाने लांब जातात. फोन फोर-जीवर ठेवला तर तो सारखी शोधाशोध करत नाही आणि बॅटरीही टिकते.

सगळ्यात स्वस्त आणि प्रभावी उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम. एका वळणावर एकाचा टॉवर दिसतो, पुढच्या वळणावर दुसऱ्याचा. ट्रायच्या नियमांमुळे कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात. ते बघून सिम निवडा. पुण्यात घरी कोणाचं चांगलं चालतं याचा इथे संबंध नाही. नेहमी जाता त्या गावातल्या चहाच्या टपरीवर विचारलंत तर नकाशापेक्षाही खरं उत्तर मिळतं. १७ जानेवारी २०२५ पासून सरकारी डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या फोर-जी टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओचे ग्राहक एकमेकांचं नेटवर्क वापरू शकतात. दुर्गम गावांत याचा उपयोग होतो. त्यासाठी फोनमध्ये नेटवर्कची निवड स्वयंचलित ठेवा.

पुष्कळांचं काम इथेच भागतं. पुढची पायरी ज्यांना नियमित जावं लागतं त्यांच्यासाठी: मुळशीकडे शेत असलेले, टूरची गाडी चालवणारे, फिरता दवाखाना नेणारे डॉक्टर.

पायरी ३: राउटर आणि टपावरचा अँटेना

बूस्टरऐवजी गाडीत सिम घालायचा फोर-जी राउटर बसवा आणि त्याचा अँटेना टपावर न्या. राउटर हा फोनसारखाच ग्राहकाचा संच आहे. त्याला स्वतःचं सिम असतं आणि टॉवर सांगेल तेवढ्याच ताकदीने तो बोलतो. अँटेना पत्र्याबाहेर गेल्याने सिग्नल चांगला मिळतो आणि गाडीतले सगळे फोन त्याच्या वायफायवर येतात. बोलण्यासाठी प्रत्येक फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करायचं, म्हणजे नेहमीच्याच नंबरवरून फोन येतात-जातात. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणली, जिओने जानेवारी २०२० मध्ये.

राउटर घेताना तीन गोष्टी तपासा. भारतातले पट्टे त्यात आहेत ना: ८५०, ९००, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झ. दूरसंचार उपकरणांसाठी भारतात सक्तीचं असलेलं टीईसीचं प्रमाणपत्र आहे ना. आणि बाहेरचा अँटेना जोडायला जागा आहे ना. खिशात मावणाऱ्या हॉटस्पॉटना ती बहुधा नसते.

अँटेना जोडताना नवख्या माणसाची हमखास गफलत होते. राउटरच्या मागे सारखी दिसणारी पितळी टोकं असतात. त्यातली काही मोबाईल सिग्नलची, काही वायफायची. वाकून नीट बघा: मोबाईलच्या टोकाला सहसा मध्ये भोक असतं आणि वायफायच्या टोकाला मध्ये टाचणीसारखी पिन असते. दोन्हींचे आटे सारखेच, त्यामुळे चुकीच्या जागी केबल छान घट्ट बसते, पण आतला संपर्क होत नाही. मग "अँटेना लावूनही काही फरक नाही" अशी तक्रार येते. फोर-जीची दोन टोकं असतील तर दोन्हींना अँटेना हवा. एकाच डबीत दोन अँटेना असलेला प्रकार गाडीला सोयीचा पडतो.

केबल जितकी लांब आणि बारीक, तितका सिग्नल वाटेतच जिरतो. शेवयांसारखी पातळ जी केबल येते, ती हजार मेगाहर्ट्झच्या आसपास मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते आणि २३०० वर त्याहून जास्त. पाच मीटर गुंडाळी घेऊन उरलेली सीटखाली कोंबली तर टपावर मिळवलेलं तिथेच घालवलं. मोजून घ्या, दोन-तीन मीटर पुरते. जरा जाड, कमी गळतीची केबल मिळाली तर उत्तम. ती काटकोनात मोडू नका, सैल वळण द्या.

पायरी ४: बसवणं

टपाला भोक पाडू नका. गंज, पावसात गळती आणि वॉरंटीचा वाद, तिन्ही एकदम येतात. लोहचुंबकाचा अँटेना पुरतो. तो लोखंडी पत्र्यावर, टपाच्या मागच्या बाजूला, कडेपासून आणि गाडीच्या मूळ अँटेनापासून वीतभर आत ठेवा. मोठं काचेचं सनरूफ असेल तर त्याच्या मागच्या पत्र्यावर. ठेवण्याआधी पत्रा आणि चुंबक दोन्ही स्वच्छ पुसा, कारण मध्ये अडकलेला वाळूचा कण रंगावर गोल ओरखडे काढतो.

केबल आत कुठून घ्यायची, हा या कामातला सर्वात महत्त्वाचा निर्णय. यूट्यूब बघून बरेच जण पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाचं प्लास्टिक उघडून त्यातून वायर खाली आणतात. पडदा एअरबॅग असलेल्या गाड्यांमध्ये ही एअरबॅग टपाच्या दोन्ही कडांना, दारांच्या वर घडी घालून ठेवलेली असते आणि पुढे-मागे खांबांपर्यंत येते. धडक झाली की ती डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगून खाली येते. तिच्या वाटेत केबल किंवा केबल टाय असेल तर ती वाकडी उघडते, नाहीतर त्या वस्तू डोक्यावर फेकते. खांबावर, टपाच्या कडेच्या अस्तरावर "एअरबॅग" अशी अक्षरं असतील तिथे हात घालू नका. डॅशबोर्डवर शेजाऱ्याच्या बाजूला राउटर चिकटवू नका, कारण त्याखालीही एअरबॅग असते. सीटखाली किंवा डॅशबोर्डमागे पिवळ्या आवरणातल्या वायर किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे आहेत. त्यांना हलवायचं नाही, तपासायचं नाही, त्यातून करंट घ्यायचा नाही.

हॅचबॅक आणि एसयूव्हीसाठी मी मागची वाट वापरतो. अँटेना टपाच्या मागच्या भागात, केबल डिकीच्या दाराच्या रबरातून आत आणि राउटर डिकीच्या बाजूच्या खिशात. एकही खांब उघडावा लागत नाही. गाडीत वायफाय डिकीतून पुढच्या सीटपर्यंत आरामात पोचतं. केबल रबरातून घेताना बिजागराच्या जवळून घ्या, दार मिटताना ती चेंगरत नाही ना ते हळूच दोन-तीनदा मिटून बघा. आत शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा छोटा झोल द्या. ताम्हिणीचा पाऊस केबलवरून ओघळत येतो आणि त्या झोलावरून खाली ठिबकतो. झोल नसेल तर पाणी सरळ राउटरपर्यंत जातं. सेडानमध्ये डिकीच्या झाकणाच्या रबरातून हेच करता येतं.

उन्हाळ्यात बंद गाडीत, मागच्या काचेखालच्या फळीवर राउटर ठेवू नका. त्याला सावली आणि थोडी हवा लागते.

पायरी ५: वीज

गाडी चालू असताना बॅटरीवर १२ नव्हे, १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. सेल्फ मारताना तो क्षणभर बराच खाली जातो. घरगुती राउटर काटेकोर १२ व्होल्टवर चालायला बनवलेला असतो, तो थेट जोडू नका. वाहनांसाठीचा, ९ ते ३० व्होल्ट झेलणारा राउटर घ्या किंवा मध्ये गाडीसाठीचा, दाब स्थिर ठेवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा.

सर्वात सुरक्षित जोडणी म्हणजे सिगारेट लायटरचं सॉकेट. काही एसयूव्हींच्या डिकीतही ते असतं. कुठलीही वायर कापावी लागत नाही आणि नको तेव्हा उपसून काढता येतं. कायमची जोडणी हवी असेल तर फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा लाइन काढून देणारा जोड) वापरून, चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवरून वीज घ्या. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं उणे टोक काढा. राउटरसाठी २ किंवा ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज ठेवा आणि तो वीज घेतल्या जागेच्या अगदी जवळ लावा. दूर लावलेला फ्यूज त्याआधीच्या वायरला वाचवत नाही. अर्थिंग रंग खरवडलेल्या, घट्ट बोल्टला द्या. हेडलाइटची वायर मध्येच सोलून, पीळ मारून, टेप गुंडाळून केलेली जोडणी मी उघडून टाकायला सांगतो. गाड्यांना आगी लागतात त्या अशाच जोडांमुळे. वॉरंटीतली गाडी असेल तर हे काम करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा आणि फ्यूज बॉक्स ओळखणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

चावीच्या लाइनचा आग्रह का? राउटर साधारण ०.८ अँपिअर घेत असेल, तर रात्रीच्या दहा तासांत ८ अँपिअर-तास खर्च होतात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते. दोन रात्री गाडी उभी राहिली तर केळदला सकाळी ती सुरू होणार नाही, आणि तिथे मदतीला फोन लावायलाही रेंज नसेल.

सगळं झाल्यावर पायरी १ मधल्या त्याच जागी, तशीच उभी गाडी ठेवून राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर डीबीएमचा आकडा बघा: एकदा त्याच्या मूळ छोट्या अँटेनावर, एकदा टपावरच्या अँटेनावर. फरक पडत नसेल तर टोक चुकलंय किंवा केबल फार लांब आहे.

वापरताना

राउटरचं पान, वायफायचा पासवर्ड, वायफाय कॉलिंग हे सगळं निघण्याआधी उरकून घ्या. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त वाट शोधण्यासाठी, तेही लक्ष विचलित न होता वापरता येतं. घाटात बोलायचं असेल तर रस्ता रुंद असेल तिथे गाडी थांबवूनच बोला.

गाडी धुवायला देताना, मॉलच्या तळघरात शिरताना अँटेना उतरवून ठेवा. पावसाळ्यात चुंबकाखाली ओल साचते, म्हणून आठवड्याला एकदा तो उचलून पुसा.

जिथे मोजणीतच रेंज शून्य निघाली त्या पट्ट्यासाठी तयारी वेगळी. गुगल मॅप्सवर मुळशी, माणगाव, भोर, महाड हा भाग निघण्याआधी ऑफलाइन उतरवून घ्या. घरच्यांना सांगा की शेवटचा फोन अमुक गावातून येईल आणि पुढचा साधारण कधी. पोचलात की कळवा. मधला काळ फोन विमान मोडवर ठेवला तर बॅटरी वाचते. अपघात झाला तर मात्र लगेच विमान मोड काढा आणि ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर पोचत असेल तर ११२ त्यावरून लागतो. पडद्यावर "फक्त आणीबाणीचे कॉल" दिसतं त्याचा अर्थ हाच.

उपग्रह फोन किंवा ट्रेकिंगसाठीची उपग्रह संदेश उपकरणं मात्र परदेशातून आणून परस्पर वापरू नका. त्यांनाही भारतात परवानगी लागते आणि ती नसताना बाळगल्याबद्दल पर्यटकांवर कारवाई झालेली आहे.

रेंजची तक्रार

रस्त्याच्या ज्या तुकड्यात बाहेर उभं राहूनही उणे ११५ च्या खाली आकडा जातो, तिथलं ठिकाण, वेळ आणि आकडा लिहून ठेवा. आपल्या कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, म्हणजे १९८ वर, ही तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक मागून घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येतं. "रेंज नाही" एवढंच सांगितलं तर तक्रार लवकर बंद होते. गावाचं नाव, नकाशावरचा बिंदू आणि डीबीएमचा आकडा दिला तर ती अभियंत्याकडे जाते. एकाच गावातल्या दहा जणांनी, ग्रामपंचायतीच्या पत्रासह, ती दिली तर टॉवरच्या मागणीला वजन येतं. मुळशी-वेल्ह्यातल्या वाड्यांवर राहणाऱ्या लोकांनाही तो टॉवर हवाच असतो, त्यांना सोबत घ्या.